मॅटिल्डाला गंज कधी चढला?

प्लॅस्टिकचा रणगाडा जोडायला दोन-तीन संध्याकाळी पुरतात. तो रंगवायला महिना जातो. आणि रंगवून झालेला, छान दिसणारा रणगाडा पुन्हा मुद्दाम मळवायला आणखी एक महिना! हे वाचून ज्यांनी कपाळाला हात लावला असेल त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी.

मंडळी, इथे इंग्लंडात घरामागच्या बागेत एक लाकडी शेड असते. नावाला ती खुरपी-फावडी ठेवायला. प्रत्यक्षात साठीकडे झुकलेले कितीतरी सद्गृहस्थ तिथे दार लावून, डोक्यावर भिंगाचा चष्मा चढवून, दोन केसांच्या कुंचल्याने काहीतरी रंगवत बसलेले असतात. कोणी रेल्वे, कोणी विमानं, कोणी रणगाडे. आपल्याकडे दिवाळीत अंगणात किल्ला करतात ना, पोत्यावर माती थापून, अळीव पेरून, मावळे उभे करून? तोच प्रकार. फरक इतकाच की हा किल्ला बारा महिने चालतो आणि "त्या वर्षी त्या दरवाज्याला असले खिळे नव्हतेच" म्हणून दोन म्हातारे एकमेकांशी वर्षभर अबोला धरू शकतात.

रणगाड्यांच्या मंडळींचं आवडतं माप म्हणजे १:३५. खरा रणगाडा पस्तीस पट लहान करायचा. हे विचित्र माप कुठून आलं? जपानच्या शिझुओका शहरातून. तिथली तामिया ही कंपनी १९४६ साली लाकडाची वखार म्हणून सुरू झाली, मग लाकडी खेळणी, मग प्लॅस्टिक. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जर्मन पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. त्यात मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्या होत्या. त्या बसतील एवढी पेटी केली आणि मागाहून मोजलं तर माप साधारण पस्तिसाला एक भरलं! पुढे सगळ्या जगाने तेच उचललं. कंपनी मोठी करणारे शुन्साकू तामिया २०२५ साली वारले. हा माणूस अमेरिकेत मेरीलँडच्या अ‍ॅबर्डीन इथे जाऊन खऱ्या रणगाड्यांचे फोटो काढायचा, मापं घ्यायचा. खेळणी विकणाऱ्याने इतकं करायची काही गरज नव्हती, पण त्याने केलं, आणि तिथून 'खेळणं' आणि 'मॉडेल' ह्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

आता मळवण्याविषयी. इकडे ह्याला 'वेदरिंग' म्हणतात. ऊन, पाऊस, धूळ, तेल आणि माणसांचे हात-पाय लागून वस्तू जशी दिसायला लागते तशी ती रंगाने दाखवायची. आपल्या एसटीचा लाल डबा डोळ्यापुढे आणा. गाडीचा मागचा भाग फुफाट्याने माखलेला. दारातल्या दांडीचा रंग हातांनी घासून गेलेला आणि खालचं लोखंड चांदीसारखं चकचकीत. पायरीच्या कडा उघड्या पडलेल्या. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली काळा, चिकट डाग आणि त्यावर बसलेली धूळ. खिडक्यांखाली ओघळ (कशाचे ते सांगायला नको). हे सगळं जर नीट पाहिलं तर ती गाडी घाटातली की पठारावरची, डेपोतून कालच रंगवून आली की वर्षभर रंग लागलेला नाही, हे एसटी न चालवणारा माणूसही सांगेल. म्हणजे मळ हा एक प्रकारचा पुरावा असतो. मॉडेलवर मळ चढवणारा माणूस तसला पुरावा स्वतः तयार करत असतो, आणि म्हणून त्याने तो जबाबदारीने करावा असं माझं म्हणणं आहे.

पण होतं काय? १९७० च्या दशकात अमेरिकेच्या शेपर्ड पेन ह्यांनी मोनोग्राम कंपनीच्या खोक्यांत घालायला छोट्या पत्रिका लिहिल्या आणि हजारो पोरांना समजलं की रणगाड्याखाली जमीन, बाजूला भिंत, भिंतीला टेकलेला शिपाई असं दृश्य उभं करता येतं. मग बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडन आले. गडद रंग पातळ करून खाचांमध्ये सोडायचा, आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिका रंग घासायचा. पुढे स्पॅनिश मंडळी आली, मिग हिमेनेस वगैरे. त्यांनी तर रंगांचे, भुकट्यांचे, 'पावसाच्या ओघळां'चे बाटलीबंद कारखानेच काढले. गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे मारायचा (हो, केसांचाच), त्यावर वरचा रंग द्यायचा आणि ओल्या ब्रशने घासायचं. हेअरस्प्रे विरघळतो, वरच्या रंगाचे टवके उडतात आणि खालचा गंज दिसतो. युक्ती अफलातून आहे. इतकी अफलातून की आज प्रदर्शनात गेलं तर अर्धे रणगाडे मुंबईच्या दारूखान्यातल्या भंगारातून उचलून आणल्यासारखे दिसतात. सुंदर दिसतात ह्यात वादच नाही. पण मला दर वेळी एकच प्रश्न पडतो. हा रणगाडा किती दिवस जगला? त्याला एवढा गंज चढायला वेळ मिळाला कधी?

हा प्रश्न विचारायला मॅटिल्डासारखं दुसरं उदाहरण नाही.

मॅटिल्डा म्हणजे ब्रिटिशांचा पायदळाच्या जोडीने चालणारा रणगाडा. वजन २६ टनांच्या वर, पुढचं चिलखत ७८ मिलिमीटरपर्यंत जाड, आत चार माणसं. इंजिनं दोन, आणि ती चक्क बसची डिझेल इंजिनं! त्यामुळे वेगही बसचाच, तोही घाटात अडकलेल्या. सडकेवर ताशी २४ किलोमीटर, रानात त्याच्या निम्मा. पण १९४० च्या डिसेंबरात इजिप्तच्या वाळवंटात ह्या कूर्मगती यंत्राने कमाल केली. ९ डिसेंबरच्या पहाटे निबेवा नावाच्या इटालियन तळावर मॅटिल्डा चालून गेल्या आणि त्यांच्यामागून आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचं पायदळ. इटालियन गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपाशी उभे राहून लढले, त्यांचा जनरल मालेत्ती तिथेच पडला, पण त्यांच्या गोळ्यांनी मॅटिल्डाच्या चिलखताला खड्ड्यापलीकडे काही झालं नाही. फेब्रुवारी १९४१ पर्यंत सव्वा लाखाहून जास्त इटालियन सैनिक कैदेत गेले. मॅटिल्डाला 'वाळवंटाची राणी' म्हणायला लागले ते तेव्हापासून.

ह्या राणीच्या अंगावर जो रंग होता त्याची गोष्ट मोठी मजेदार आहे.

रणगाड्यांचं आणि रंगांचं नातं तसं रणगाड्याइतकंच जुनं. १९१६ साली जेव्हा पहिले रणगाडे फ्रान्सला जायला निघाले तेव्हा सॉलोमन जे. सॉलोमन ह्या चित्रकाराने (हो, नाव आणि आडनाव एकच, आणि माणूस रॉयल अ‍ॅकॅडमीचा सभासद) ते गुलाबी, हिरव्या, तपकिरी पट्ट्यांनी रंगवले होते. आघाडीवर पोचल्यावर सगळ्यावर इतका चिखल बसला की चित्रकारी दिसेनाच. थोड्याच काळात सरसकट एक तपकिरी रंग मारायचं ठरलं. म्हणजे वेदरिंगने कॅमोफ्लाजवर पहिल्याच वर्षी मात केली!

१९४० साली इजिप्तमध्ये ब्रिगेडियर कॉन्टर ह्यांच्या नावाने एक नवी पद्धत आली. हे गृहस्थ चौथ्या आर्मर्ड ब्रिगेडचे प्रमुख. पहिल्या महायुद्धात जर्मन कैदेतून पळाले होते आणि त्यावर पुस्तकही लिहिलं होतं. म्हातारपणी त्यांनी इंग्लंडच्या समुद्रात गळाने शार्क पकडायचा छंद जोपासला आणि त्यावरही पुस्तक लिहिलं. अशी माणसं इंग्लंडातच निपजतात. असो. कॉन्टर पद्धतीत वळणदार डाग नव्हते, सरळ रेषा होत्या. पतंगाचे कागद तिरपे कापून एकमेकांवर चिकटवावेत तसे तिरपे पट्टे. प्रत्येक प्रकारच्या गाडीचा नकाशा ठरलेला. हेतू असा की लांबून पाहणाऱ्या शत्रूला गाडीची बाह्यरेषा कळू नये, पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली ह्याचा घोळ व्हावा.

रंग तीन. सर्वात खाली 'लाइट स्टोन' किंवा 'पोर्टलंड स्टोन', म्हणजे फिकट दगडी पिवळा. त्यावर 'सिल्व्हर ग्रे' आणि 'स्लेट'. ब्रिटिश स्टँडर्ड ३८१ ह्या रंगांच्या तक्त्यात त्यांचे नंबर आहेत, ६१ किंवा ६४, मग २८ आणि ३४. इंजिनिअर माणसाला ह्याहून सुखाची गोष्ट नाही. तक्ता उघडा, नंबर काढा, रंग मिसळा, संपलं. सुदानच्या बाजूला तिथल्या जमिनीप्रमाणे एक रंग बदलून जांभळट तपकिरी घ्यावा, असाही हुकूम होता.

आणि तरीही अनेक दशकं जगभरच्या मॉडेलवाल्यांनी मॅटिल्डावर चक्क आकाशी निळे पट्टे मारले! कारण डॉर्सेटमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात जी मॅटिल्डा उभी होती ती तशी रंगवलेली होती. जगातल्या ह्या विषयातल्या सर्वात मोठ्या संग्रहालयांपैकी एक. तिथे निळा आहे म्हटल्यावर कोण शंका घेणार? पुस्तकांच्या चित्रकारांनी तो रणगाडा पाहून चित्रं काढली, मॉडेलवाल्यांनी पुस्तकं पाहून मॉडेलं केली, आणि पुढच्या पिढीने मॉडेलं पाहून खात्री करून घेतली. वर 'वाळवंटात क्षितिजाशी रणगाडा निळसर दिसतो म्हणून तो रंग' असं शास्त्रीय वाटणारं स्पष्टीकरणही चिकटलं. माईक स्टार्मर ह्या चिकट इंग्रज अभ्यासकाने जुने हुकूम आणि रंगांचे तक्ते ताडून पाहिले आणि दाखवलं की 'सिल्व्हर ग्रे' नंबर २८ हा निळा नाहीच, तो फिकट, हिरवट राखाडी आहे. 'स्लेट' सुद्धा पाटीसारखा काळा नाही, गडद हिरवट राखाडी. नावं फसवी. निळा हुकमात कुठेच नव्हता.

तुम्ही म्हणाल, फोटो नव्हते का? होते की, ढिगाने. पण कृष्णधवल. कृष्णधवल फोटोत रंग कळत नाही, फक्त उजेड-अंधार कळतो, आणि तोही फिल्मवर अवलंबून. ऑर्थोक्रोमॅटिक नावाच्या जुन्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून लाल वस्तू काळी यायची आणि निळी पांढरट. पँक्रोमॅटिक फिल्मवर तीच वस्तू वेगळी. फोटोग्राफरने पिवळी काच लावली की आणखी वेगळी. फोटोवरून तुम्ही एवढंच म्हणू शकता की हा पट्टा त्या पट्ट्याहून फिका आहे. निळा की हिरवा, ते फोटोच्या हातात नाही.

जर्मनांच्या बाबतीतही हेच झालं. १९३९ सालचे जर्मन रणगाडे म्हणजे नुसते गडद राखाडी, असं सगळे धरून चालले होते. मग जेंट्झ आणि डॉयल ह्या जोडीने मूळ हुकूम काढले तर त्यात गडद राखाडीवर एक तृतीयांश गडद तपकिरी असा स्पष्ट उल्लेख, १९३८ चा. रंग वाचवायला म्हणून १९४० साली तपकिरी बंद केला. फोटोत राखाडी आणि तपकिरी जवळजवळ सारख्याच छटेचे येतात, त्यामुळे हा तपकिरी कितीतरी वर्षं समोर असून कोणाला दिसला नव्हता.

मॅटिल्डा प्रत्यक्ष पाहायची असेल तर इंग्लंडला यायची गरज नाही, नगरला जा. अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये ती आहे, शिवाय चर्चिल, व्हॅलेंटाइन, जपानी रणगाडे, पाकिस्तानकडून घेतलेले पॅटन. जरूर पाहा, पण तिथला रंग पाहून मॉडेल करू नका. उघड्यावर उभ्या असलेल्या लोखंडाला ठरावीक काळाने रंग द्यावाच लागतो, नाहीतर लोखंड उरणार नाही. तो रंग संरक्षणासाठी असतो, इतिहासासाठी नाही. तिथे पाहायचं ते चिलखत, ओतीव लोखंडाचा खडबडीतपणा आणि बाजूच्या चिलखती पत्र्यातल्या तिरक्या खिडक्या. युरोपातला चिखल चाकांत साठू नये, घसरून बाहेर पडावा म्हणून त्या केल्या होत्या. वाळवंटात त्यातून धुळीचे धबधबे पडत.

आता मूळ प्रश्नाकडे. मी १५ जून १९४१ ची मॅटिल्डा करायला घेतली आहे. त्या सकाळी तिचं वय काय होतं?

१९४१ च्या वसंतात रोमेल लिबियात आल्यावर ब्रिटिशांची दाणादाण उडाली आणि रणगाडे संपत आले. चर्चिलने हट्ट धरला की नवे रणगाडे आफ्रिकेला वळसा घालून न पाठवता थेट भूमध्य समुद्रातून पाठवा, शत्रूच्या नाकासमोरून. ह्या काफिल्याचं नाव 'टायगर'. 'एम्पायर साँग' हे जहाज सुरुंगाने बुडालं, ५७ रणगाडे घेऊन. बाकीची जहाजं १२ मे १९४१ ला अलेक्झांड्रियाला लागली. एकूण २३८ रणगाडे उतरले, त्यात १३५ मॅटिल्डा. चर्चिल त्यांना लाडाने 'वाघाचे बछडे' म्हणायचा आणि ते लढाईला कधी जाणार म्हणून जनरल वेव्हेलच्या मागे रोज तारांचा लकडा लावायचा. वेव्हेलची अडचण अशी की बछड्यांना वाळवंटाचं काहीच नव्हतं. हवेचे फिल्टर बसवायचे, दुरुस्त्या करायच्या, आणि वाळवंटी रंग द्यायचा. म्हणजे आज आपण ज्या रंगावर वाद घालतो तो रंग लावायला लागणारे दिवससुद्धा लंडनला खटकत होते. शेवटी १५ जूनला 'बॅटलअ‍ॅक्स' ही मोहीम सुरू झाली. जहाजातून उतरल्यापासून जेमतेम पाच आठवडे. १७ तारखेला ती संपली, आणि साधारण शंभर मॅटिल्डांपैकी साठहून जास्त गेल्या होत्या.

पाच आठवडे! कारखान्यापासून मोजलं तरी काही महिने. रंग तर त्याहूनही ताजा. एवढ्यात किती गंज चढेल? इथे थोडं रसायनशास्त्र. लोखंड गंजायला पाणी लागतं. हाल्फाया समुद्रकाठी आहे, पहाटे दव पडतं, त्यामुळे उघड्या लोखंडावर तांबूस पापुद्रा एका रात्रीत येऊ शकतो. पण तो पापुद्रा, पदर सुटलेला गंज नव्हे, आणि दिवसा वाळूच्या घर्षणाने तो निघूनही जातो. पट्ट्यांचा जमिनीला लागणारा भाग घासून चकचकीत, खाचांत धूळ. धुराड्याचा रंग मात्र उष्णतेने जळतो, तिथे गंज हवाच. बाकी अंगावर? टवके उडतील, नक्की उडतील. चार माणसं नाळ लावलेल्या बुटांनी दिवसातून दहा वेळा चढणार-उतरणार. पण टवक्याखाली काय दिसेल? इंग्लंडहून आलेल्या बऱ्याच रणगाड्यांवर आधी तिथला खाकी हिरवा रंग होता. म्हणजे वाळवंटी पिवळ्याखालून डोकावायला हवा तो गंज नव्हे, इंग्लंडचा हिरवा.

म्हणून मी करतो ते असं. आधी प्रायमर, मग सगळीकडे खाकी हिरवा. तो पक्का वाळला की कडांवर, पायऱ्यांवर, झाकणांभोवती हेअरस्प्रे, आणि त्यावर एअरब्रशने लाइट स्टोन. मग चिकटपट्टी लावून सिल्व्हर ग्रे आणि स्लेटचे पट्टे. सरळ रेषा असल्याने हे काम सोपं वाटतं, पण मॅटिल्डाचा बुरूज गोल, ओतीव आहे, गोलावर सरळ रेष ओढणं म्हणजे नारळाला पट्टी लावण्यासारखं. मग ओल्या ब्रशने बुटांच्या जागा घासायच्या. इथे हात आवरायचा! १:३५ मध्ये एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर. मॉडेलवर अर्धा सेंटिमीटर पोपडा निघाला की खऱ्यावर तो वीतभर होतो.

धुळीचंही तसंच. खरी वाळू वापरू नये. पाव मिलिमीटरचा वाळूचा कण पस्तीसने गुणला की जवळजवळ नऊ मिलिमीटरची खडी होते. धुळीला रंगाची भुकटीच हवी. आणि तिचा रंग? वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेरच्या सोनेरी टेकड्या येतात. हाल्फायाचं वाळवंट तसं नाही. चुनखडीचं पठार, दगडगोटे, खुरटी झुडपं आणि पिठासारखी पांढुरकी धूळ. टर्पेंटाइनमध्ये भिजवून ती चाकांवर, पत्र्यांवर, खिडक्यांखाली ओघळू द्यायची. डिझेल भरायच्या झाकणापाशी काळा तेलकट डाग आणि त्यावर पुन्हा धूळ (एसटी आठवा). बस्स. गंजाची बाटली धुराड्यापुरती उघडायची आणि लगेच झाकण लावायचं.

एक राहिलं, डोळे. चौथ्या रॉयल टँक रेजिमेंटच्या रणगाड्यांवर डोळे काढायची परंपरा होती. पहिल्या महायुद्धात मलायातल्या यू टोंग सेन ह्या धनाढ्य चिनी गृहस्थाने एका रणगाड्याची किंमत दिली. चिनी जहाजांना दिसावं म्हणून नाळेवर डोळे रंगवतात, तर ह्या गाडीलाही डोळे हवेत, म्हणून ते काढले गेले आणि ती खूण पुढे चौथ्या रेजिमेंटकडे आली. पेणला गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटी करतात आणि ती कसलेल्या हाताकडे देतात. एका बाजूचा डोळा तिरका झाला की रणगाडा चक्रम दिसतो, हे मात्र खरं!

आता ज्या जागी ही मॅटिल्डा उभी करायची आहे ती जागा. हाल्फाया म्हणजे खिंड. समुद्रकाठच्या सपाटीवरून पठारावर चढायची वाट, चढ सुमारे १८० मीटर. वर जर्मनांनी आपल्या ८८ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा जमिनीत पुरून, नळ्या वाळूला टेकवून ठेवल्या होत्या, जोडीला इटालियन तोफखाना. खिंडीचा जर्मन प्रमुख कॅप्टन बाख हा युद्धापूर्वी धर्मोपदेशक होता. १५ जूनच्या सकाळी पठारावरून कॅमेरन हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण आणि मॅटिल्डांचं एक स्क्वाड्रन पुढे सरकलं. ८८ च्या तोफांनी मैलभर लांबून बारा रणगाड्यांपैकी जवळजवळ सगळे फोडले. निबेवाला ज्या चिलखताला काही झालं नव्हतं ते सहा महिन्यांत कागदासारखं ठरलं. मॅटिल्डाची स्वतःची तोफ ४० मिलिमीटरची, त्यातही स्फोटक गोळा रणगाड्यांना दिलाच जात नसे. जमिनीत पुरलेल्या तोफेवर ती करणार काय?

आणि खिंडीच्या खालून, समुद्राच्या बाजूने चढत होत्या अकराव्या भारतीय ब्रिगेडच्या दोन पलटणी. एक राजपुताना रायफल्स, आणि दुसरी दोन-पाच मराठा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची, बेळगावच्या केंद्रात तयार झालेली पोरं. त्यांच्या सोबतीला मोजक्या मॅटिल्डा होत्या. त्यांतल्या बहुतेक सुरुंगांवर जाऊन अडकल्या. पुढे पायदळ उघड्यावर, उघड्या चढावर. तीन दिवसांत पुन्हा प्रयत्न झाले, खिंड काही मिळाली नाही.

इथल्या प्रदर्शनांत मी वाळवंटातल्या लढाईची पुष्कळ दृश्यं पाहिली आहेत. रोमेल दुर्बीण लावून उभा असतो, इंग्रज चहा करत असतात, ऑस्ट्रेलियन शर्ट काढून बसलेले असतात. भारतीय शिपाई फारच क्वचित, आणि ह्यात मुद्दाम केलेला अन्याय वगैरे नाही. खोक्यात जे पुतळे मिळतात ते लोक लावतात. चौथी भारतीय डिव्हिजन त्या आघाडीवर कुठे कुठे होती हे त्यांना सांगितलं तर ते मनापासून आश्चर्य करतात, आणि खरं सांगायचं तर पुण्या-मुंबईतल्या लोकांना सांगितलं तर तेही करतात.

म्हणून माझ्या पाटावर सुरुंगाने पट्टा तुटलेली एक मॅटिल्डा आहे आणि तिच्या आडोशाला दोन मराठे. उंची पाच सेंटिमीटरहून कमी. त्यांच्या बुटांवर, पोटऱ्यांवर, रायफलीच्या दस्त्यावर तीच पांढुरकी भुकटी लावली आहे, त्याच डबीतली, जी रणगाड्यावर आहे. रणगाडा आणि माणूस एकाच धुळीतून आले असतील तर दोघांची धूळ एकच हवी. बरीच मॉडेलं नेमकी इथे चुकतात. रणगाडा वर्षभर लढलेला आणि शिपाई आत्ताच इस्त्रीचे कपडे घालून उतरलेला.

बॅटलअ‍ॅक्स फसल्यावर वेव्हेलला चर्चिलने भारतात धाडलं. कॉन्टर पद्धत त्याच वर्षाच्या अखेरीस बंद होऊन पुन्हा साधा एक रंग आला. दोन-पाच मराठाच्या वाट्याला वर्षभराने टोब्रुक आलं. २० जून १९४२ ला रोमेलने टोब्रुकच्या तटबंदीवर जो घाव घातला तो आग्नेय कोपऱ्यात, जिथे हीच पलटण खंदकांत होती. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं. तेहतीस हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले, त्यात पलटणीचे वाचलेले जवानही.

मॅटिल्डा मात्र पुढे बरीच जगली. नऊशेच्या वर रशियात पोचल्या, तिथे बर्फात त्यांची निराळीच फजिती झाली. आणि ऑस्ट्रेलियन सैन्याने त्या थेट न्यू गिनी आणि बोर्निओच्या जंगलात नेल्या. १९४५ साली ताराकान आणि बालिकपापनला त्या लढत होत्या, हिरव्या रंगात. तिथे दमट हवा, रोजचा पाऊस, आणि रणगाडेही वर्षानुवर्षं वापरलेले. त्यांना गंज द्या, हवा तेवढा. ते खोकं कपाटात वर ठेवलंय, आणि त्याच्या चिखलासाठी वेगळ्या भुकट्या मागवल्या आहेत.